सत्तरीत पोटावर पडून हजार यार्ड

एकसष्टाव्या वर्षी इंग्लंडमधल्या बिस्लीच्या स्टिकलडाउन रेंजवर शेवटची गोळी झाडून मी उठायला गेलो आणि उठलोच नाही. गुडघ्यांवर आलो, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि परत चटईवर बसलो. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं होतं, मान तर कुणीतरी पाना लावून आवळल्यासारखी. शेजारच्या चटईवर माझ्याहून सतरा वर्षांनी मोठे एक गृहस्थ होते. मघाच उठून त्यांनी रायफल पिशवीतही घातली होती. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हाला असं पडायला कुणी शिकवलं?"

"एन.सी.सी.नं."

"कधी?"

"१९७३ साली."

"बरोबर," ते म्हणाले आणि चहा आणायला गेले.

कोल्हापुरात कॉलेजात असताना आम्हाला चांदमारीला नेत. २५ मीटरवर पॉइंट टू टूची रायफल, पाय फाकलेले, दोन्ही टाचा जमिनीला टेकलेल्या, शरीर तिरपं, पोट आणि छाती सपाट मातीला. उस्तादांचा बूट टाचेवर पडला की टाच आपोआप खाली जायची. एकोणिसाव्या वर्षी पोट नावाचा अवयव नसतोच, त्यामुळे तो प्रकार चालून गेला. मी मात्र तोच प्रकार चाळीस वर्षांनी, पासष्टचे अठ्ठ्याऐंशी किलो झाल्यावर, मानेत स्पॉन्डिलायटिस आणि खिशात बीपीची गोळी घेऊन, पॉइंट टू टूच्या जागी तिच्याहून कितीतरी जोरात धक्का देणारी .३०८ रायफल हातात धरून करत होतो.

आज मी एकाहत्तर वर्षांचा आहे आणि अजून पोटावर पडून हजार यार्डांवर मारतो. गेल्या दहा वर्षांत जे बदललं ते इथे लिहितोय. मी टार्गेट रायफल मारतो. म्हणजे दुर्बीण नाही, दोपाया (नळीखालची दोन पायांची टेकण) नाही. नेम धरायला पुढे गोल रिंगची साइट, मागे बारीक भोकाची, आणि स्लिंग, म्हणजे रायफलीला जोडून दंडात अडकवलेला पट्टा. ५० मीटर प्रोन (पोटावर पडून) मारणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. तिथे नियम जास्त कडक आहेत (उदाहरणार्थ, पुढच्या हाताचा जमिनीशी कोन ३० अंशांपेक्षा कमी चालत नाही), पण कोपर, मान आणि पोट सगळीकडे सारखंच.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण ती मला फार आवडते. बिस्लीच्या जुलैतल्या मोठ्या मेळाव्यात 'कोलापोर' नावाची सांघिक स्पर्धा असते. आठ जणांचा संघ. ३००, ५०० आणि ६०० यार्ड. पहिल्यांदा कार्यक्रमपत्रिकेत हे नाव वाचलं तेव्हा मला ते वेल्समधलं एखादं गाव वाटलं होतं. ते आमचं कोल्हापूर निघालं! राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडला आले आणि परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्सला वारले. पुढच्याच वर्षी, १८७१ मध्ये, कोल्हापूरच्या राजांनी दिलेल्या चषकासाठी ही स्पर्धा सुरू झाली. तेव्हा ती विम्बल्डनच्या माळावर व्हायची. १८९० मध्ये सगळा बाडबिस्तरा बिस्लीला हलला. आमच्या कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं जागतिक सुवर्ण जिंकलं, स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य आणलं, तेव्हा क्लबात मी सगळ्यांना पेढे वाटले आणि ही जुनी गोष्टही ऐकवली. इथे लोकांनी पेढ्याचे चार तुकडे करून खाल्ले.

आता कामाचं.

आधी एक हिशेब डोक्यात पक्का बसवा. दोन साइटमधलं अंतर साधारण एक यार्ड धरा. निशाण हजार यार्डांवर. म्हणजे पुढची साइट एक मिलिमीटर हलली तर गोळी तिकडे हजार मिलिमीटर, एक अख्खा मीटर सरकते. आता सांगा, दुखणारी मान उचलून धरणारा स्नायू एक मिलिमीटरही थरथरणार नाही? पोटाखाली धडधडणारी नस? नेम धरताना शरीरात जिथे जिथे जोर लागतोय तिथून हा मिलिमीटर येतो. तरुण माणूस हा जोर तासभर लावू शकतो. आपण तीन गोळ्यांपुरता लावतो, आणि चौथ्या गोळीपासून वाऱ्याला शिव्या देतो.

त्यातून इथे आपण एकटे नसतो. एका निशाणावर दोघं किंवा तिघं आळीपाळीनं मारतात, प्रत्येकाला गोळीमागे ४५ सेकंद. दर गोळीनंतर खंदकातले लोक निशाण खाली ओढतात, भोकात खूण अडकवतात आणि वर करतात. दोन चाचणीच्या आणि पंधरा मोजायच्या गोळ्या, तिघं जण, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस मिनिटं पोटावर. या सगळ्या वेळात तुम्ही खरा नेम धरता तो फार तर दोन मिनिटं. बाकीचा वेळ नुसतं पडून राहायचं असतं, आणि तेच आपल्या वयाला जमत नाही.

म्हणून पहिला प्रयोग रायफलीशिवाय. घरात दिवाणखान्यात चटई टाका, पोटावर पडा, दोन्ही कोपरं टेकवा, हात एकमेकांत गुंतवा आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाच मिनिटं बघत राहा. कुठे दुखतं ते लिहून ठेवा. माझी यादी अशी होती: मानेचा मागचा भाग, कमरेचा खळगा, डावा खांदा, श्वास. बायको दारातून म्हणाली, "अहो, पडलात का?" मी म्हटलं, "सराव करतोय." त्यावर ती जे म्हणाली ते इथे लिहीत नाही.

कमर आणि श्वास या दोन्हींवर एकच इलाज निघाला: उजवा गुडघा. (मी उजव्या खांद्यावरून मारतो, डावखुऱ्यांनी सगळं उलटं वाचावं.) डावा पाय सरळ, शरीराच्या रेषेत मागे, बोटं आत किंवा खाली, जशी पडतील तशी. उजवा गुडघा वर ओढायचा, इतका की मांडी आणि धड यांच्यात जवळजवळ काटकोन होईल. त्याबरोबर अख्खं शरीर किंचित डाव्या कुशीवर कलतं, पोटाची उजवी बाजू जमिनीपासून सुटते आणि श्वासाला जागा मिळते. पोटातल्या मोठ्या धमनीचा ठोका जमिनीवर आपटून रायफलीत यायचा, तोही कमी होतो. गुडघा किती वर घ्यायचा हे तुमचा खुबा ठरवेल. माझा काटकोनापर्यंत जात नाही, त्याआधीच कुरकुरतो. जाईल तिथपर्यंत न्या.

आणि शरीराचा कोन. एन.सी.सी.त आम्ही नेमाच्या रेषेशी चांगले ३०-४० अंश तिरपे पडत होतो. तितकं तिरपं पडलं की मान उजवीकडे वळवून ठेवावी लागते. तुम्ही दहा-पंधरा अंशांवर आलात की मान सरळ राहते आणि धक्काही खांद्यातून पाठीकडे सरळ जातो. मात्र ज्याचा डावा खांदा आखडलेला आहे त्याला फार सरळ पडता येत नाही, कारण डावा हात पुढे ताणावा लागतो. माझा खांदा एकदा दीड वर्ष गोठलेला होता. त्या काळात मी वीस-बावीस अंशांवर पडायचो आणि हँडस्टॉप (डावा हात जिथे अडतो तो रायफलीखालचा ठोकळा) दोन इंच मागे घेतला होता. पुस्तकातली आकृती बघून कोन ठरवू नका. डोळे मिटून, अंग सैल सोडून, मान कुठे आपोआप थांबते ते बघा.

कोपराबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण बोटं बधिर होण्याचं मूळ तिथे आहे. कोपराच्या आतल्या कडेला एक खाच असते. कशाला तरी आपटलं की मुंग्या येतात, तीच. तिच्यातून नस जाते ती करंगळीपर्यंत. आपण कोपराचं टोक जमिनीत रुतवतो आणि सगळं वजन त्या शेजारी देतो. टोकावर टेकायचं नाही. टोकाच्या किंचित बाहेरच्या बाजूला, दंडाच्या मागे जो चपटा भाग आहे तो टेकवायचा. त्यासाठी कोपर रायफलीच्या अगदी खाली न ठेवता दोन बोटं डावीकडे सोडावं लागतं. जुने लोक "कोपर बरोबर रायफलीखाली" असं घोकायचे. ज्याच्या खांद्याला जमतं त्यानं करावं.

जमीनही बघून घ्या. बिस्लीचे मारायचे ओटे गवताचे असतात आणि आधीच्या शंभर जणांनी कोपरांनी तिथे खळगे केलेले असतात. आपलं डावं कोपर दुसऱ्याच्या खळग्यात गेलं की रायफल खाली जाते आणि आपण नकळत मान खाली घालतो. मी चटई टाकायच्या आधी तळहातानं चाचपून बघतो, खळगा चुकवतो. चटईच्या कोपरांच्या भागाखाली जुन्या योगा-मॅटचा एक तुकडा घालतो. स्पर्धेत चालेल का हे आधी विचारून घ्या.

स्लिंग. रायफलीचं वजन स्नायूंनी पेलायचं नसतं, स्लिंगनं पेलायचं असतं, हे सगळ्यांनाच माहीत असतं आणि फार थोडे पाळतात. पारख सोपी आहे. स्लिंग लावून रायफल खांद्यात घेतल्यावर डाव्या हाताची बोटं पूर्ण उघडा. साइट जागची हलली नाही तर स्लिंग काम करतोय. हलली तर तुम्ही करताय. दंडावर पट्टा कुठे बांधायचा यावर इथे लोक तासन्‌तास भांडतात. माझा अनुभव असा की दंडाच्या फुगीर भागावर बांधला की नाडीचा ठोका पुढच्या साइटमध्ये दिसतो: रिंग टुकटुक करत दोनच्या काट्याकडे उडते. पट्टा पार वर, काखेजवळ, जॅकेटच्या जाड कापडावर नेला आणि त्याचा ओढा दंडाच्या बाहेरच्या बाजूला येईल असा फिरवला, की ठोका मंदावतो. वर सरकून तिथेच राहावा म्हणून जॅकेटला बटणाची पट्टी असते, ती वापरा.

तरुण मुलं स्लिंग इतका घट्ट लावतात की वाजवला तर सूर निघेल. आपल्याला तितका नको. थोडा सैल केला की रायफल किंचित खाली येते, मग ती वर आणायची दुसरी सोय करावी लागते. ती पुढे सांगतो. आणि जोडीदार मारत असताना हुक काढून हाताला रक्त मिळू द्या. पंचेचाळीस मिनिटं आवळलेला दंड ही शूरपणाची गोष्ट नव्हे.

मान हे माझं सगळ्यात मोठं दुखणं, आणि इथेच मी सगळ्यात जास्त पैसे घालवले. त्यातले निम्मे वाया गेले. आधी फिजिओथेरपी, मग खास उशी, मग एक भलतंच महागडं जॅकेट. शेवटी उपाय निघाला तो रायफलीत. माझी रायफल माझ्या मानेसाठी खूप खाली होती. दस्त्यावर गाल ठेवायला मला डोकं पुढे आणि खाली न्यावं लागायचं आणि मग भुवईखालून वर बघावं लागायचं. तेच उलट केलं.

पहिलं, दस्त्याच्या मागची बटप्लेट खाली सरकवली. प्लेट खांद्याच्या त्याच खळग्यात बसते, म्हणजे बाकीची रायफल वर येते. दुसरं, पुढच्या आणि मागच्या दोन्ही साइटखाली सारख्याच उंचीचे ठोकळे घातले. मी १५ मिलिमीटरपासून सुरुवात केली, आता २२ वर आहे. तिसरं, गालाचा तुकडा तेवढाच वर. आता डोकं जवळजवळ ताठ असतं, गाल आपल्या वजनानं पडतो आणि मानेला काही उचलावं लागत नाही. एका वेळी एकच बदल करा आणि जुनी मापं दस्त्यावर पेन्सिलीनं लिहून ठेवा. मी एकाच रविवारी तिन्ही बदलली होती. त्या दिवशी निशाणाचा कागद मला सापडला नाही.

दस्त्याची लांबीही बघा. जाड जॅकेट चढवलं की दस्ता एक-दीड सेंटिमीटर लांब होतो आणि डोकं पुढे ताणलं जातं. छोटा करून घ्या, पण मागची साइट भुवईपासून दोन-अडीच इंच तरी लांब राहू द्या. .३०८ मागे येते. माझ्या उजव्या भुवईत बारीक अर्धचंद्र आहे तो सौंदर्यासाठी कोरलेला नाही.

काहींना रायफल थोडी डोक्याकडे कलवून धरलेली बरी वाटते. खुशाल धरा, मात्र प्रत्येक वेळी तितकीच. हजार यार्डांवर एक अंशाचा फरक पडला की गोळी सुमारे सहा इंच बाजूला जाते. माझ्या पुढच्या साइटमध्ये पाणपातळीचा छोटा बुडबुडा आहे, ट्रिगरच्या आधी शेवटची नजर त्याच्यावर.

डोळ्यांचं म्हणाल तर व्हेरिफोकल (एकाच काचेत दूरचा आणि जवळचा नंबर असलेला) चष्मा रेंजवर नेऊच नका. पोटावर पडून नेम धरताना आपण चष्म्याच्या मधून बघत नाही. वरच्या आणि नाकाकडच्या कोपऱ्यातून बघतो. त्या कोपऱ्यात काचेचा नंबर भलताच असतो. शूटिंगची फ्रेम मिळते, तिच्यात एकच गोल काच असते आणि ती वर-खाली, आत-बाहेर, तिरकी करता येते. नेम धरलेल्या स्थितीत काच नजरेच्या रेषेला काटकोनात यायला हवी. म्हणून फ्रेम लावताना पडूनच लावा. दुकानातल्या खुर्चीवर बसून लावलेली उपयोगाची नाही.

नंबर कोणता? पुढची साइट डोळ्यापासून साधारण मीटरभर, तिच्यासाठी दूरच्या नंबरात +१.०० मिळवावे लागतील. निशाण अनंतावर, त्यासाठी शून्य. आपल्याला दोन्ही बऱ्यापैकी दिसायला हवेत, म्हणून मधला +०.५०. चष्मेवाल्याला नुसतं "नेमबाजीसाठी" म्हणू नका, तो वाचायचा नंबर देईल. हा हिशेब सांगा. मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं असेल तर शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांना नेमाचा डोळा कोणता आणि काय बघायचं असतं ते सांगा. माझ्या उजव्या डोळ्यात दूरचं एकच फोकस असलेली लेन्स आहे आणि वर +०.५० ची काच. पंचविशीत दिसायचं त्याहून रिंग आता स्वच्छ दिसते.

मागच्या साइटला कमी-जास्त होणारं भोक घ्या. ढग आले की मोठं, ऊन आलं की लहान. फार लहान केलं तर चित्र धारदार पण काळोखं होतं आणि म्हातारा डोळा काळोखात हरवतो. पुढची रिंगही मोठी घ्या. काळ्या गोळ्याभोवती पांढऱ्याची जाड किनार दिसायला हवी. बारीक किनारीवर डोळा शंका काढत बसतो. दुसरा डोळा मिटू नका. त्याच्यापुढे पांढरट, अर्धपारदर्शक प्लास्टिकची पट्टी लावा. काळी लावली की बाहुली मोठी होते आणि नेमाच्या डोळ्याचीही ओढली जाते.

आता नेम. सगळं जुळवून झालं की डोळे मिटा, दोन श्वास घ्या, सैल सोडा, डोळे उघडा. साइट जिथे आहे तिथे तुमचं शरीर नेम धरतंय. निशाणावर नसेल तर हातानं ओढून आणायची नाही. डावं कोपर खिळ्यासारखं तिथेच ठेवून कंबर डावीकडे सरकवली की रायफल उजवीकडे जाते, कंबर उजवीकडे तर रायफल डावीकडे. शरीर बोटभर मागे ओढलं की नळी वर, पुढे ढकललं की खाली. श्वास घेताना साइट खाली आणि सोडताना वर, अगदी सरळ उभ्या रेषेत जायला हवी. तिरकी जात असेल तर कोपर किंवा गुडघा चुकलाय.

श्वास सोडून झाल्यावर आपोआप जी उसंत मिळते तिच्यात गोळी सुटली पाहिजे. सहा-सात सेकंद, बस्स. त्यापुढे डोळ्याला प्राणवायू कमी पडतो, चित्र करडं होतं, आणि आपण करड्या चित्रावर हट्टानं ट्रिगर ओढतो. सोडून द्या, परत श्वास घ्या. ४५ सेकंद खूप असतात.

किरकोळ वाटणाऱ्या पण मान वाचवणाऱ्या दोन गोष्टी. स्पॉटिंग दुर्बीण (निशाणावरची खूण बघायची) डाव्या बाजूला इतकी जवळ आणि अशा उंचीवर ठेवा की गाल दस्त्यावरच राहील आणि फक्त डोळा सरकेल. आणि गोळ्यांची पेटी उजव्या हाताच्या पंज्याखाली, जरा उंचावर. माझ्याकडे एका जुन्या मसाल्याच्या डब्याला स्पंज लावलेला आहे. प्रत्येक गोळीसाठी वळून हात लांब केला की सतरा वेळा सगळी बैठक मोडते.

खाण्याबद्दल: पोहे खाऊन पोटावर पडायचं नाही. दोन तास आधी हलकं काहीतरी, कॉफी नको, आणि बोलावणं येण्याआधी स्वच्छतागृहाला जाऊन या. या वयात याला कुणी हसत नाही. औषधांबद्दल मात्र गंभीरपणे. बीपी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर नेमबाजीत तो उत्तेजक-विरोधी नियमांनुसार प्रतिबंधित आहे, कारण त्यानं हात आणि नाडी शांत होते. ते नियम लागू असलेल्या स्पर्धेत उतरणार असाल तर आधी परवानगीची कागदपत्रं करा. स्वतःच्या मनानं गोळी बंद करून रेंजवर जाऊ नका.

घरी आठवड्यातून चारदा दहा मिनिटं मी चटईवर पडतो. पाच मिनिटं मकरासन, दोन-तीनदा हलकं भुजंगासन, बाकीचा वेळ खांद्यात केरसुणीचा दांडा घेऊन. रायफल कपाटातच कुलपात असते.

आणि एक दिवस हे सगळं करूनही जमणार नाही. त्यासाठी दोन वाटा आहेत. एक एफ-क्लास. कॅनडाच्या जॉर्ज फारक्वारसन यांनी म्हातारे डोळे आणि थकलेली कोपरं बघून हा प्रकार काढला, त्यांच्या आडनावावरूनच एफ. दुर्बीण लावता येते. पुढे दोपाया, मागे वाळूची पिशवी. एफ-टीआर प्रकारात .३०८ किंवा .२२३, आणि दोपायासकट वजन ८.२५ किलोपर्यंत. स्लिंग नाही, दंडातला ठोका नाही. पण तिथेही मान असतेच, आणि दोपाया बुटका ठेवला तर ती पूर्वीइतकीच दुखते. दोपाया उंच, मागची पिशवी उंच, दुर्बिणीची कडी उंच. काही लोक आपण हरलो असं समजून तिकडे जातात आणि मग निशाणाचा मधला गोळा अर्ध्या आकाराचा आहे हे कळल्यावर गप्प होतात.

दुसरी वाट जुनी आणि फार देखणी आहे: उताणं पडून मारणं. मॅच रायफल प्रकारात अजून चालतं, १०००, ११०० आणि १२०० यार्डांवर. पाठीवर पडायचं, रायफल पायांच्या आधारानं, नळी पावलांच्या पुढे, मागची साइट दस्त्याच्या पार टोकाला. १८६२ पासून चालत आलेली एल्चो शील्ड ही सांघिक स्पर्धा आता याच अंतरांवर खेळली जाते. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे लोक ऊन खातायत असं वाटतं. मला चहा आणून देणारे गृहस्थ ब्याऐंशीव्या वर्षी पाठीवर वळले.

राहिलं उठणं. शेवटची गोळी झाली की बोल्ट उघडा, चेंबर रिकामा दाखवा, त्यात खुणेची छोटी झेंडी घाला, रायफल चटईवर ठेवा आणि तिला विसरा. हातात रायफल घेऊन उठायचं नाही. स्लिंग सोडा. कुशीवर वळा आणि वीसपर्यंत मोजा, पायाचे पंजे हलवत. मग बसा. बसून गुणपत्रिकेवर सही करा, जोडीदाराशी वाऱ्याबद्दल बोला. त्यात मिनिट-दीड मिनिट सहज जातं आणि रक्त डोक्यापर्यंत पोचतं. मग एक गुडघा, त्यावर दोन्ही हात, आणि उभं. शेजारचा एखादा पोरगा हात द्यायला पुढे झाला तर घ्यावा. पहिली काही वर्षं मी नको म्हणायचो. आता मीच आधी हात पुढे करतो, आणि दुसऱ्या हातानं त्याला मसाल्याचा डबा धरायला देतो.